कोनांची बेरीज आणि उरणारी फट

बहुभुजाकृतीच्या प्रत्येक शिरोबिंदूपाशी दोन कोन विचारात घेतात. लगतच्या दोन बाजूंमध्ये आकृतीच्या आतल्या अंगाला होतो तो आंतरकोन. त्यांतली एक बाजू शिरोबिंदूच्या पलीकडे वाढवली की वाढवलेला भाग आणि दुसरी बाजू यांच्यामध्ये होतो तो बाह्यकोन. हे दोन कोन एकाच सरळ रेषेवर शेजारी शेजारी बसतात. ते रेषीय जोडीतले कोन असल्यामुळे त्यांची बेरीज १८० अंश भरते. आंतरकोन ११० अंशांचा असेल तर बाह्यकोन ७० अंशांचा. व्याख्या एवढीच आहे आणि माध्यमिक शाळेत ती एका तासिकेत लिहून होते. ती अंगवळणी पडायला मात्र वेळ लागतो, हे हा भाग वर्षानुवर्षे शिकवणाऱ्या कोणत्याही गणितशिक्षकाला ठाऊक असते.

पहिली अडचण ‘बाह्य’ या शब्दाचीच असते. फळ्यावर पंचकोन काढून त्याचा बाह्यकोन दाखवायला सांगितले, तर बरीच मुले शिरोबिंदूभोवती खडू गरकन फिरवून आकृतीच्या बाहेरचा सगळा भाग दाखवतात. ११० अंशांच्या आंतरकोनापाशी ती २५० अंशांचा बाह्यकोन सांगतात. ही चूक अडाणीपणाची नव्हे. घराबाहेर म्हणजे घर सोडून उरलेले सगळे, तसे आतल्या कोनाबाहेर म्हणजे तो सोडून उरलेले सगळे, असा मुलांचा सरळ हिशेब असतो. शाळेच्या भूमितीत २५० अंशांचा तो कोन प्रविशालकोन ठरतो आणि बाह्यकोन हे नाव बाजू वाढवल्यावर मिळणाऱ्या कोनापुरतेच राखून ठेवलेले आहे. त्यामुळे अनुभवी शिक्षक कोन मोजायला सांगण्याआधी वहीत पट्टी ठेवून प्रत्येक बाजू तुटक रेषेने वाढवून घेतात. एका शिरोबिंदूपाशी दोन्हींपैकी कोणतीही बाजू वाढवता येते. त्यातून मिळणारे दोन बाह्यकोन परस्परांचे विरुद्ध कोन असल्यामुळे सारखेच भरतात. बेरीज करताना प्रत्येक शिरोबिंदूपाशी त्यांतला एकच धरायचा.

बेरजेची सुरुवात त्रिकोणापासून होते. त्यासाठी वर्गात ठरलेला प्रयोग म्हणजे कागदाचा त्रिकोण कापून त्याचे तीन कोपरे फाडायचे आणि टोकाला टोक लावून वहीच्या रेघेवर मांडायचे. तिन्ही कोपरे मिळून सरळ कोन होतो. पण साठ मुलांच्या वर्गात साठ त्रिकोण मांडले गेले की काहींच्या वहीत कोपऱ्यांमध्ये बारीकशी फट राहते, काहींचे कागद एकमेकांवर चढतात. कोनमापकाने मोजणाऱ्यांची बेरीज कधी १७८ येते, कधी १८२. हुशार मुले १८० आधीच ऐकून असल्यामुळे तिसरा कोन न मोजता वजाबाकी करून लिहितात. ज्याने खरोखर मोजले त्याचेच उत्तर ‘चुकलेले’ दिसते. अशा वेळी १७८ लिहिणाऱ्याला शाबासकी देणे शिक्षकाला उशिराच सुचते. कागद आणि कोनमापक यांच्याकडून एवढेच कळते की बेरीज १८० च्या आसपास असावी. ती नेमकी १८० आहे आणि प्रत्येक त्रिकोणाची तेवढीच आहे, हे सिद्धतेशिवाय कळत नाही.

सिद्धता दोन ओळींची आहे. त्रिकोणाच्या एका शिरोबिंदूतून समोरच्या बाजूला समांतर रेषा काढली की व्युत्क्रम कोनांमुळे खालचे दोन कोन वर येऊन तिसऱ्या कोनाच्या दोन्ही अंगांना बसतात आणि तिघे मिळून सरळ कोन होतो. युक्लिडने इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास लिहिलेल्या ‘एलिमेंट्स’च्या पहिल्या पुस्तकात हे ३२ वे विधान आहे. त्याची मांडणी लक्षात घेण्यासारखी आहे. त्याच विधानात आधी बाह्यकोन येतो: त्रिकोणाची एक बाजू वाढवली असता होणारा बाह्यकोन समोरच्या दोन आंतरकोनांच्या बेरजेइतका असतो. तिन्ही आंतरकोन मिळून दोन काटकोन होतात, हे त्यामागून येते. शालेय भूमितीत पहिले विधान ‘दूरस्थ आंतरकोनांचे प्रमेय’ म्हणून वेगळे शिकवले जाते आणि बहुधा दुसऱ्याच्या नंतर.

त्रिकोणाकडून बहुभुजाकृतीकडे जाण्याचा रस्ता कर्णांचा आहे. एका शिरोबिंदूतून शक्य तेवढे सगळे कर्ण काढले की चौकोनाचे दोन त्रिकोण होतात, पंचकोनाचे तीन, षट्कोनाचे चार. बाजूंपेक्षा त्रिकोण नेहमी दोनने कमी, म्हणून न बाजूंच्या आकृतीच्या आंतरकोनांची बेरीज (न − २) × १८० अंश. चौकोनाची ३६०, पंचकोनाची ५४०, षट्कोनाची ७२०, अष्टकोनाची १०८०.

इथे दरवर्षी न चुकता एक चूक होते. चौकोन दिला की काही मुले दोन्ही कर्ण काढतात, चार त्रिकोण मोजतात आणि चार गुणिले १८० म्हणून ७२० अंश लिहितात. पूर्वी शिक्षक ते उत्तर खोडून ‘एकच कर्ण काढ’ असा शेरा मारत. पुढे लक्षात आले की खोडण्याऐवजी ७२० मधले जास्तीचे ३६० अंश कुठून आले ते शोधायला लावणे फायद्याचे. कर्ण जिथे छेदतात तिथे चार कोन तयार झालेले असतात. ते चौकोनाच्या कुठल्याच कोपऱ्याचे नसतात आणि मिळून बरोबर ३६० भरतात. ते वजा केले की उत्तर जुळते. याच चुकीतून दुसरी सिद्धताही निघते. आकृतीच्या आत कुठेही एक बिंदू घेऊन तो सगळ्या शिरोबिंदूंना जोडला की न त्रिकोण होतात. त्यांची बेरीज १८० × न. तीतून मधल्या बिंदूभोवतीचे ३६० गेले की पुन्हा (न − २) × १८०. सूत्रातल्या ‘वजा दोन’चा अर्थ पहिल्या रीतीत नीट दिसत नाही. दुसऱ्या रीतीत तो स्पष्ट दिसतो: ते दोन म्हणजे मधोमध उरलेले एक पूर्ण वर्तुळ.

आंतरकोनांची बेरीज बाजूंबरोबर वाढत जाते. बाह्यकोनांची वाढत नाही. कोणत्याही बहिर्वक्र बहुभुजाकृतीच्या बाह्यकोनांची बेरीज ३६० अंशच असते, मग बाजू तीन असोत की तीनशे. बीजगणिताने हे लगेच सुटते: प्रत्येक शिरोबिंदूपाशी आतला आणि बाहेरचा मिळून १८०, म्हणजे एकूण १८० × न; तीतून आंतरकोनांचे १८० × न वजा ३६० काढले की ३६० उरतात. पाचव्या शतकातल्या प्रोक्लसने युक्लिडच्या पहिल्या पुस्तकावर लिहिलेल्या भाष्यात ३२ व्या विधानाचे हे दोन्ही विस्तार नोंदवलेले आहेत. पण वर्गाचा अनुभव असा की ही वजाबाकी मुलांना पटते आणि तरीही आश्चर्य कायम राहते. तीनशे कोपऱ्यांची बेरीज तीन कोपऱ्यांएवढीच कशी?

याचे उत्तर मैदानात मिळते. खो-खोच्या मैदानासाठी आणलेल्या फक्कीने एक वेडावाकडा पंचकोन आखायचा आणि एका मुलीला त्याच्या कडेवरून चालायला सांगायचे. ती कोपऱ्यावर येते, तोंड सरळ पुढेच ठेवून थांबते, आणि मग पुढच्या बाजूच्या दिशेला वळते. ती जेवढी वळली तेवढा तिथला बाह्यकोन. तोंड सरळ ठेवून थांबणे म्हणजेच बाजू वाढवणे. वहीतली तुटक रेषा म्हणजे न वळता चालत राहिली असती तर तिने धरलेली वाट. पाच कोपरे वळून ती निघाली त्या जागी, निघताना जिकडे तोंड होते तिकडेच तोंड करून उभी राहते. तिची एक पूर्ण गिरकी झालेली असते. पंचकोनाऐवजी पन्नास कोपऱ्यांची आकृती आखली असती तरी गिरकी एकच झाली असती, फक्त ती पन्नास तुकड्यांत वाटली गेली असती. आंतरकोन ही आकृतीची माहिती झाली. बाह्यकोन ही तिच्या कडेने चालणाऱ्याची. ‘बाह्य’ शब्दाने झालेला घोळ ‘वळण’ या शब्दाने मिटतो, असा अनुभव आल्यावर शिक्षक व्याख्येच्या आधी हे मैदान घेऊ लागले.

हाच फरक संगणकाच्या तासाला आणखी ठळक होतो. १९६७ साली सेमूर पॅपर्ट, वॉली फोइर्झिग आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी लोगो ही संगणकभाषा तयार केली. तिच्यातले कासव ‘फॉरवर्ड’ म्हटले की पुढे सरकते, ‘राइट’ म्हटले की सांगितलेल्या अंशांनी उजवीकडे वळते आणि मागे रेघ सोडत जाते. चौरस काढायला मुलांना वेळ लागत नाही: चार वेळा फॉरवर्ड १००, राइट ९०. मग समभुज त्रिकोण सांगितला की वर्गच्या वर्ग एकच आज्ञा देतो: तीन वेळा फॉरवर्ड १००, राइट ६०. पडद्यावर त्रिकोण येत नाही. तीन रेघांची, उघड्या तोंडाची, पसरट टोपल्यासारखी आकृती येते. एखादा विद्यार्थी हट्टाने तीच आज्ञा पुन्हा चालवतो तेव्हा तोंड मिटते, पण हाती येतो षट्कोन.

चूक कुठे झाली हे मुले स्वतःच शोधतात, फक्त त्यांना खुर्चीवरून उठवून कासव व्हायला सांगावे लागते. ६० हा त्रिकोणाचा आंतरकोन. कासवाला आकृतीचे आत-बाहेर कळत नाही, त्याला फक्त वळणे कळते, आणि समभुज त्रिकोणाच्या कोपऱ्यावर १२० अंश वळावे लागते. मुलांना गाफील ठेवले होते चौरसाने. आंतरकोन आणि बाह्यकोन सारखेच असणारी ती एकमेव सुसम आकृती. तिथे कोणताही कोन लिहिला तरी उत्तर बरोबरच येते. पहिले उदाहरण म्हणून चौरस घेणे सोयीचे असते आणि नेमका तोच दोन कोनांमधला फरक झाकून टाकतो.

सुसम बहुभुजाकृतीत सगळ्या बाजू आणि सगळे कोन समान असतात, म्हणून प्रत्येक बाह्यकोन ३६० भागिले न एवढा. त्रिकोणाचा १२०, चौरसाचा ९०, पंचकोनाचा ७२, षट्कोनाचा ६०, अष्टकोनाचा ४५, दशकोनाचा ३६. प्रत्येकी १८० मधून वजा केला की आंतरकोन: ६०, ९०, १०८, १२०, १३५, १४४. ३६० ला ७ ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून सप्तकोनाचा आंतरकोन १२८ पूर्णांक ४/७ अंश येतो आणि फळ्यावर तो टाळला जातो. ३६० चे एकूण २४ विभाजक आहेत. त्यांतले १ आणि २ सोडले तर उरलेल्या २२ संख्यांइतक्या बाजूंच्याच सुसम आकृत्यांचे कोन पूर्ण अंशांत येतात.

परीक्षेतले बरेच प्रश्न या एका भागाकारावर सुटतात. सुसम आकृतीचा आंतरकोन १५५ अंश असू शकतो का? सूत्रात किंमत घालून समीकरण सोडवणाऱ्याला पाच ओळी लागतात. बाह्यकोनाकडून जाणारा पाहतो की १५५ ला बाह्यकोन २५, आणि ३६० ला २५ ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून नाही. आंतरकोन बाह्यकोनाच्या पाचपट असेल तर बाजू किती? १८० चे सहा भाग, एक भाग ३०, म्हणून बाजू १२. त्या उत्तराचा नमुना खिशात सापडतो: २० रुपयांचे नाणे बारा बाजूंचे आहे. दोन रुपयांचे जुने नाणे अकरा बाजूंचे होते, म्हणून त्याचा कोन पूर्ण अंशांत बसत नाही. ॲल्युमिनियमचे वीस पैसे षट्कोनी होते. ज्यांच्या घरी ती शिल्लक आहेत त्यांना टेबलावर एका नाण्याभोवती सहा नाणी चपखल बसवून दाखवता येतात.

सुतारकामात या भागाकाराला किंमत मोजावी लागते. एका शाळेच्या गणित कक्षात घड्याळाभोवती अष्टकोनी लाकडी चौकट लावायची ठरली. शिक्षक कागदावर आकडा काढूनच सुताराकडे गेले: आंतरकोन १३५, दोन पट्ट्यांमध्ये निम्मा निम्मा, म्हणून प्रत्येक पट्टीचे टोक साडेसदुसष्ट अंशांत कापायचे. सुताराने यंत्राचा हात फिरवून दाखवला. “सर, हा आकडा या पट्टीवर नाहीच. चाराला पंचेचाळीस, सहाला तीस, आठाला साडेबावीस.” त्याच्या यंत्रावर सरळ आडव्या कापाला शून्य लिहिलेले होते. म्हणजे यंत्र मोजत होते ते सरळपणापासूनचे वळण. बाह्यकोन ४५, त्याचा निम्मा साडेबावीस. शिक्षकांचा आकडा चुकीचा नव्हता, तो दुसऱ्या बाजूने मोजलेला होता. सुताराने १८० भागिले न असे सूत्र कधी लिहिले नव्हते, पण चार, सहा, आठ या तिन्ही आकड्यांत तेच होते.

पहिली चौकट तरीही बिघडली. यंत्राचा काटा साडेबावीसऐवजी बावीसवर राहिला होता आणि अर्धा अंश डोळ्यांना दिसत नाही. सात सांधे फेविकॉल लावून घट्ट बसले. आठव्या सांध्याला दोन टोके आतल्या कडेला टेकली आणि बाहेरच्या कडेला उघडी राहिली. आठ पट्ट्यांचे सोळा काप, प्रत्येकी अर्धा अंश कमी, मिळून आठ अंश. एकूण वळण ३६० ऐवजी ३५२ झाले होते आणि कमी पडलेले सगळेच्या सगळे शेवटच्या सांध्यात येऊन साचले होते. तीन इंच रुंदीच्या पट्टीवर ती फट सेंटिमीटरभर दिसते. लाकडाचा भुसा फेविकॉलमध्ये कालवून ती बुजवता येते, पण तशा चौकटीत प्रत्येक सांध्यावर ताण राहतो. सुताराने सोळाही टोके पुन्हा कापली. तेव्हापासून वर्गात ३६० ची बेरीज शिकवताना तो उघडा सांधा फळ्यावर काढला जाऊ लागला, कारण शेवटच्या कोपऱ्याला आधीच्या सगळ्या कोपऱ्यांचा हिशेब चुकवावा लागतो हे त्यातून एका नजरेत कळते.

फट नेहमी चुकीचीच असते असे मात्र नाही. पुठ्ठ्याच्या सारख्या सुसम आकृत्या कापून त्यांनी टेबल झाकण्याचा प्रयोग गटांत दिला जातो. त्रिकोणाचा गट लगेच मोकळा होतो, चौरसाचा त्याहून लवकर. षट्कोनाचा गट थोडा रेंगाळतो, पण मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी तयार करतो. पंचकोनाचा गट मागे पडतो. तीन पंचकोन एका बिंदूपाशी जोडले की थोडी जागा उरते, चौथा तिच्यात मावत नाही. मुले म्हणतात, आमचे कापणे चुकले. नवे पंचकोन कापतात, पुन्हा तेच. पंचकोनाचा आंतरकोन १०८. तीन मिळून ३२४, आणि ३६० ला ३६ कमी. चार घेतले तर ४३२, म्हणजे ७२ जास्त. कात्री कितीही नेमकी चालवली तरी ती ३६ अंशांची फट राहणारच. एका बिंदूभोवती पूर्ण संख्येने बसण्यासाठी आंतरकोनाने ३६० ला भाग जायला हवा आणि ते ६०, ९०, १२० या तिघांनाच जमते. सातपासून पुढच्या आकृत्यांचे आंतरकोन १२० पेक्षा मोठे आणि १८० पेक्षा लहान असतात. तीन बसत नाहीत आणि दोन पुरत नाहीत.

ही अट एकाच प्रकारच्या सुसम फरशीची आहे. घराच्या भिंतीसारख्या आकाराचा, खाली चौकोन आणि वर उतरते छप्पर असा असम पंचकोन जमीन पूर्ण झाकतो. दोन प्रकारच्या फरश्या घेतल्या तरी नवी दारे उघडतात. अष्टकोनी फरशीच्या अंगणात कोपऱ्याकोपऱ्यावर छोटी चौरस टिकली बसवलेली असते. ती शोभेसाठी आहे असे वाटते, पण १३५ आणि १३५ मिळून २७० झाल्यावर उरलेले ९० अंश भरायला तिच्याशिवाय दुसरे काही चालतच नाही. योहान्नेस केप्लरने १६१९ साली ‘हार्मोनिसेस मुंडी’ या ग्रंथात अशा रचनांची पद्धतशीर मांडणी केली. सुसम आकृत्यांच्या, प्रत्येक शिरोबिंदूपाशी सारख्याच क्रमाने जुळणाऱ्या रचना अकराच आहेत: तीन एकाच प्रकारच्या फरशीच्या आणि आठ मिश्र.

राहिलेली फट वाकवून मिटवली तर काय होते, याचे उत्तर फुटबॉलमध्ये आहे. १९७० च्या विश्वचषकातला प्रसिद्ध चेंडू बारा काळ्या पंचकोनांचा आणि वीस पांढऱ्या षट्कोनांचा होता. त्याच्या प्रत्येक शिरोबिंदूपाशी एक पंचकोन आणि दोन षट्कोन येतात: १०८ अधिक १२० अधिक १२०, एकूण ३४८. सपाट जमिनीवर १२ अंशांची फट राहिली असती. शिवणीने ती ओढून मिटवली की कापड फुगते आणि चेंडू होतो. असे ६० शिरोबिंदू, प्रत्येकी १२ अंश कमी, एकूण ७२०. घनाचा हिशेब केला तर प्रत्येक कोपऱ्यावर तीन काटकोन, म्हणजे ९० अंश कमी, आणि कोपरे आठ; पुन्हा ७२०. सगळ्या बहिर्वक्र घनाकृतींना हा आकडा लागू होतो हे सतराव्या शतकात देकार्तने ओळखले होते. सपाट आकृतीच्या कडेचे ३६० आणि घनाकृतीच्या पृष्ठभागावरचे ७२० यांचे नाते वर्गात फक्त दाखवता येते. त्याची सिद्धता पुढच्या इयत्तांची.

आतापर्यंतची सगळी विधाने बहिर्वक्र आकृत्यांची आहेत. इंग्रजी ‘एल’ अक्षरासारख्या खोलीला सहा कोपरे असतात, त्यांतले पाच ९० अंशांचे आणि आत घुसलेला एक २७० अंशांचा. बेरीज ४५० अधिक २७०, म्हणजे ७२०. षट्कोनाचे सूत्र इथेही टिकते. बाह्यकोनांचे काय? २७० च्या कोपऱ्यावर बाजू वाढवली तर ती खोलीच्या आत जाते आणि १८० वजा २७० म्हणजे उणे ९० येतात. उणे कोन ही मुलांना थट्टा वाटते. भिंतीला हात लावून खोलीला फेरी मारणाऱ्याला मात्र त्यात नवल वाटत नाही: पाच वेळा डावीकडे वळायचे, एकदा उजवीकडे. ४५० वजा ९०, गिरकी पुन्हा ३६०. रांगोळीत हात न उचलता काढली जाणारी पंचकोनी चांदणी आणखी एक पाऊल पुढे नेते. तिच्या प्रत्येक टोकापाशी हात १४४ अंश वळतो, पाच टोकांचे ७२०, म्हणजे दोन गिरक्या. चांदणीच्या बाजू एकमेकींना छेदतात, म्हणून ती साधी बहुभुजाकृती नाही आणि एका गिरकीचा नियम तिला लागू नाही. तिच्या पाच टोकांच्या कोनांची बेरीज १८० भरते, प्रत्येकी ३६.

या सगळ्याचा रोजच्या कामात सर्वांत काटेकोर उपयोग जमीन मोजताना होतो. पॉलिटेक्निकच्या सर्व्हे कॅम्पमध्ये विद्यार्थी शेताभोवती किंवा टेकडीभोवती ठरावीक जागी खुंट्या ठोकतात, प्रत्येक खुंटीवर थिओडोलाइट उभा करून आंतरकोन मोजतात आणि निघालेल्या खुंटीवर परत येतात. याला बंद ट्रॅव्हर्स म्हणतात. आंतरकोनांची बेरीज (२न − ४) काटकोन आली पाहिजे. शाळेचेच सूत्र, फक्त अंशांऐवजी काटकोनांत. शाळेतून नुकत्याच गेलेल्या विद्यार्थ्याला इथे एक जुना घोळ नव्याने भेटतो. मोजणीच्या पुस्तकात बाहेरच्या बाजूने मोजलेल्या कोनांची बेरीज (२न + ४) काटकोन दिलेली असते आणि तो बुचकळ्यात पडतो, कारण बाह्यकोनांची बेरीज चारच काटकोन असते हे त्याने पाठ केलेले असते. मोजणीतला बाहेरचा कोन म्हणजे ३६० मधून आंतरकोन वजा केलेला, आठवीतल्या मुलांनी खडूने गरकन दाखवलेला तोच कोन. शाळेच्या बाह्यकोनाला मोजणीत विचलनकोन असे वेगळे नाव आहे. आठवीत जे उत्तर चुकीचे ठरले होते त्यालाही एका शास्त्रात रीतसर नाव आहे, हे तिथे कळते.

कॅम्पमधल्या एका पाच खुंट्यांच्या ट्रॅव्हर्सचे आकडे असे धरावेत: १०२ अंश १४ मिनिटे २० सेकंद, ११८ अंश ३६ मिनिटे ४० सेकंद, ९६ अंश ५ मिनिटे २० सेकंद, १३१ अंश २२ मिनिटे, ९१ अंश ४२ मिनिटे २० सेकंद. बेरीज ५४० अंश ४० सेकंद. हे ४० सेकंद कशाचे? थिओडोलाइटवर कमीत कमी २० सेकंदांपर्यंत वाचता येत असेल तर मान्य फरक २० गुणिले खुंट्यांच्या संख्येचे वर्गमूळ, म्हणजे पाचाच्या वर्गमूळाने सुमारे ४५ सेकंद. चाळीस त्याच्या आत बसतात. मग प्रत्येक कोनातून आठ आठ सेकंद वजा करून बेरीज ५४० वर आणली जाते आणि पुढचा हिशेब सुरू होतो. हाच फरक चार मिनिटांचा निघाला असता तर तो वाटून टाकता आला नसता. यंत्र उचलून पुन्हा पहिल्या खुंटीवर जावे लागले असते.

अशा रीतीने फटी तीन जातींच्या ठरतात. पंचकोनी पुठ्ठ्यांची ३६ अंशांची फट आकृतीच्या स्वभावातली असते, ती स्वीकारायची किंवा दुसरी फरशी शोधायची. चौकटीची आठ अंशांची फट चुकीची असते. तिथे काप पुन्हा मारायचे. ट्रॅव्हर्सचे चाळीस सेकंद आणि फाडलेल्या कागदाचे एक-दोन अंश मोजण्याच्या मर्यादेतले असतात, ते समजून वाटून टाकायचे. कोणती फट कोणत्या जातीची हे ठरवता येते, कारण बेरीज किती यायला हवी हे मोजण्याआधीच ठाऊक असते.

या तपासणीलाही हद्द आहे. पाचही बाजू दुप्पट लांबीच्या लिहिल्या गेल्या तरी कोनांची बेरीज जागची हलत नाही. एका खुंटीवर दहा मिनिटे जास्त आणि दुसरीवर दहा मिनिटे कमी वाचली गेली तरी ५४० च येतात. म्हणून मोजणीत कोनांची बेरीज जुळल्यावर लांब्यांची तपासणी वेगळी करतात. बेरीज जुळली याचा अर्थ सगळे कोन बरोबर आहेत असा होत नाही. ती मर्यादेबाहेर हुकली, तर मात्र निदान एक कोन नक्की चुकलेला असतो.